थंड इंजिनाची खुळखुळ

सिग्नल लाल होता, पाऊस भुरभुरत होता, आणि शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या व्हॅनच्या इंजिनातून खुळखुळ असा आवाज येत होता. पहिल्या दोन गोष्टींकडे तिने कानाडोळा केला. तिसरीकडे करणे तिच्या स्वभावात बसत नव्हते. तिने स्कूटर जराशी पुढे ढकलली, हेल्मेट काढले आणि चालकाच्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक केले.

काच खाली आली. आत साधारण तिच्याच वयाचा, चष्मा लावलेला एक तरुण होता. चुकलेल्या माणसाला पत्ता सांगायची तयारी त्याच्या चेहऱ्यावर होती.

"तुमची टायमिंग चेन वाजतेय," ती म्हणाली.

"टॅपेट आहेत ते. म्हणजे… होते. कालच सेट करून घेतले. गॅरेजवाले म्हणाले, आता आवाज नाही."

"आवाज आहे."

"मलाही तसंच वाटत होतं. पण त्यांचं म्हणणं—"

"ज्यांचं हे म्हणणं आहे ना, त्यांचे आधी कान तपासायला हवेत."

तो हसला. विनोदाला हसतात तसा नव्हे. आपल्याच दुकानाची पाटी दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावी तसा. त्याने अंगठ्याने मागे, व्हॅनच्या अंगाकडे खूण केली. तिथे दार व्यापून उरेल एवढा निळा कान रंगवलेला होता. इतका वेळ ती बॉनेटकडे पाहत होती, त्यामुळे कान तिला दिसलाच नव्हता. हा माणूस श्रवणतज्ज्ञ होता आणि ही व्हॅन म्हणजे त्याचा फिरता दवाखाना. मागच्या भागात बाहेरचा आवाज आत न येणारी एक छोटी खोली, तिच्यात एक खुर्ची, हेडफोन आणि माणसाला किती ऐकू येते ते मोजण्याचे यंत्र.

"कुठलं गॅरेज?" तिने विचारले.

"पुलापलीकडचं. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आहेत बघा. सगळे त्यांना मामा म्हणतात."

सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न सुरू झाले, व्हॅन पुढे सरकली. ती मात्र हेल्मेट हातात घेऊन तशीच उभी राहिली. सगळे त्यांना मामा म्हणत हे खरे होते. पण तसे म्हणण्याचा रीतसर हक्क एकट्या तिचा होता.

पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यावर ती मामाच्या गॅरेजात आली ती सुट्टीपुरती, आणि रमली ती कायमची. प्रयोगशाळेत जे शिकली होती तेच इथे होते, फक्त हात जास्त काळे होत. मोजल्याशिवाय मानायचे नाही हा तिचा बाणा पाहून मामाने तिचे नाव शंकासूर ठेवले होते. पण या शंकासुराने एका गोष्टीवर कधीही शंका घेतली नव्हती, आणि ती म्हणजे मामाचा कान. रस्त्यावरून जाणारी गाडी मान वर न करता मामा ओळखत असे आणि तिचे दुखणेही सांगत असे. घरघर असेल तर बेअरिंग, टकटक असेल तर व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट, किंचाळली तर पट्टा. चेनच्या आवाजाला खुळखुळ हा शब्दसुद्धा तिला त्यानेच दिला होता. तोच मामा चेन वाजणारी गाडी "आवाज नाही" म्हणून परत पाठवतो, याचे एक स्पष्टीकरण असे की तिचीच ऐकण्यात चूक झाली असावी. दुसऱ्या स्पष्टीकरणाचा विचार तिने त्या वेळी निग्रहाने टाळला, आणि स्कूटर चालू करून व्हॅनला पुढच्या वळणावर गाठले.

रस्त्याच्या कडेला, ओल्या बॉनेटवर हात ठेवून, तिने त्याला प्रकरण समजावून सांगितले. इंजिनात खाली एक दांडा फिरतो, वर एक फिरतो. दोघांची चाल चेनने एकमेकांशी बांधलेली असते. इंजिन जुने झाले, चेन झिजून लांबली, तिला आधार देणाऱ्या पट्ट्या झिजल्या, की ती सैल पडून आतल्या आत आपटू लागते. मग एखाद्या दिवशी ती दातावरून उडी मारते, वरची चाल खालच्या चालीशी जुळेनाशी होते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन जागच्या जागी संपते. त्याने मन लावून ऐकून घेतले आणि मग सांगितले की पुढच्या आठवड्यात तो घाट चढून वरच्या गावांमध्ये जाणार आहे. तिथली म्हातारी माणसे गेल्या वर्षापासून त्याची वाट पाहत आहेत. रस्ता एकेरी आहे, एका बाजूला दरी आहे आणि फोन लागत नाही.

"तुमची खात्री आहे?" त्याने विचारले.

"नाही. संशय आहे. खात्री करायला इंजिन थंड हवं. मामांच्या गॅरेजात मीही असते. संध्याकाळी ते घरी गेल्यावर गाडी तिथे आणून लावा, रात्रभर राहू दे, आणि सकाळी गॅरेज उघडायच्या आधी या."

"थंड इंजिन वेगळं काय करतं?"

"खरं बोलतं."

मामाला यातले काही सांगायचे नाही, एवढे तिने ठरवले होते. पुराव्याशिवाय कुणालाही चुकीचे म्हणायचे नसते; मामाला तर नाहीच.

सकाळी तो तिच्या आधी येऊन फाटकाशी उभा होता. पाऊस रात्रीच थांबला होता. पत्र्याच्या कडेवरून थेंब ठिबकत होते आणि हवेत ओल्या मातीपेक्षा तेलाचा वास जास्त होता. तिने आधी तेलाची पातळी पाहिली, कारण तेल कमी असले तरी चेन वाजते. तेल पुरेसे होते. मग त्याला गाडी चालू करायला लावली. पहिल्याच क्षणी इंजिनाच्या पुढच्या झाकणामागून खडखडाट झाला, जरा ओसरला, पण बंद झाला नाही. बारीक खुळखुळ मागे उरली. चेनला ताणून धरणारा एक दट्ट्या असतो, तो तेलाच्या दाबावर चालतो, तिने सांगितले. रात्रभरात त्यातले तेल उतरते, म्हणून सुरुवातीचा खडखडाट. दाब आल्यावर आवाज पूर्ण थांबला असता तर दोष दट्ट्याचा म्हटला असता. हा थांबत नाही, म्हणजे चेनच लांबली असणार.

"असणार," त्याने शब्द पकडला.

"असणार. कारण अजून बाहेरचा पट्टा आहे, डायनामो आहे, पाण्याचा पंप आहे. आवाज कुणाचाही असू शकतो." तिने इंजिन बंद करायला लावले, पुढचा पट्टा उतरवला आणि क्षणभरच पुन्हा चालू करायला सांगितले. पट्ट्यावर फिरणारे सगळे आता गप्प होते. खुळखुळ तशीच होती.

तिने सवयीने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक झाकणाला टेकवले आणि मूठ कानाशी नेली. त्याने तो प्रकार पाहून डोळे मिटले, खिशातून एक नळी काढली आणि तिच्यापुढे धरली. श्रवणयंत्र नीट चालते का ते ऐकायची ती नळी होती. तिने ती कानांत घातली, दुसरे टोक स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला लावले, आणि तिच्या भुवया वर गेल्या. मग तिने नळी त्याला दिली. ती देताना दोघांची बोटे एकमेकांना लागली. दोघांचीही बोटे तेलकट झाली; यापलीकडे त्या घटनेतून कोणताही निष्कर्ष काढायचा नाही, असे तिने स्वतःला बजावले.

"वरच्या पट्टीतला आवाज आहे," तो ऐकत म्हणाला. "तीक्ष्ण. तुटक."

"मी त्याला खुळखुळ म्हणते."

"आमच्या परिभाषेत खुळखुळ नाही."

"मग तुमची परिभाषा अपुरी आहे."

तो हसला, पुन्हा ऐकू लागला, आणि एकाएकी हसायचा थांबला. नळी कानांतून काढून तो बराच वेळ ती गुंडाळत राहिला. काय झाले म्हणून तिने विचारले तर काही नाही म्हणाला. आपण जरा जास्तच फटकळ बोललो, असा तिचा समज झाला. तो चुकीचा होता, हे दुसऱ्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी, पुन्हा मामा यायच्या आधी, कानाचा प्रश्नच ठेवायचा नव्हता. तिला मोजमाप हवे होते. तिने ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले. आत वरच्या दांड्याबरोबर फिरणारा छोटा रोटर होता. ती खाली वाकून मोठ्या पान्याने खालचा दांडा हळूहळू उलटा फिरवणार होती; त्याने वर रोटरवर नजर ठेवायची आणि तो हलला की सांगायचे. खालचा फिरायला लागल्यापासून वरचा हलेपर्यंत जे अंतर जाईल, तेवढी चेन सैल.

"म्हणजे एकजण निघतो आणि दुसऱ्याला पत्ताच नसतो," तो म्हणाला.

"चांगल्या इंजिनात असतो. रोटरकडे बघा."

तिने पाना दाबला. खालच्या चाकावर तिने मारलेली खडूची खूण सरकली… सरकत गेली…

"आता," तो म्हणाला.

तिने पाहिले आणि तिला धक्काच बसला. इतकी सैल चेन असती तर व्हॅन सिग्नलपर्यंतही आली नसती. तिने पुन्हा मोजले. या वेळी अंतर बरेच कमी भरले. तिसऱ्यांदा मोजले, तेव्हा दुसऱ्याइतकेच. ती सरळ उभी राहिली आणि हात पुसत म्हणाली की दोन मोजमापे जुळतात, पहिले जुळत नाही. तेव्हा एक तर इंजिन बदलले, नाहीतर निरीक्षकात दोष आहे.

"निरीक्षकात," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पहिल्या वेळी मी… रोटरकडे बघत नव्हतो."

"मग कुठे?"

त्याच वेळी मामा फाटकातून आत आला.

मामाने उघडे बॉनेट पाहिले, उतरवलेला पट्टा पाहिला, आणि आपण केलेले काम आपल्या मागे उघडले गेले आहे हे त्याच्या लक्षात आले. तो चिडला नाही. चिडला असता तर बरे झाले असते. त्याने एवढेच विचारले की डॉक्टर, माझ्या कामात काही खोट राहिली का. आपण डॉक्टर नाही, असे तो तरुण सांगू लागला, पण भाची मध्ये पडली. तिने डिस्ट्रिब्युटरचे झाकण लावले, पट्टा चढवला, इंजिन चालू केले आणि मामाला म्हणाली, ऐक.

मामाने ऐकले. वाकून, डोळे बारीक करून ऐकले, आणि म्हणाला, "टॅपेट व्यवस्थित आहेत."

"टॅपेट नाही मामा. चेन."

त्याने पुन्हा कान दिला. या वेळी तिने त्याच्याकडे पाहिले. मामा इंजिनाकडे बघत नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, काय ऐकू यायला हवे ते तिथे वाचता येईल म्हणून.

तिने इंजिन बंद केले. डिस्ट्रिब्युटरचे झाकण पुन्हा काढले, पाना त्याच्या हातात दिला आणि रोटरकडे बोट केले. मामाने दांडा उलटा फिरवला. हाताला लागलेली ती पोकळी त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने एकदा पुढे, एकदा मागे करून पाहिले.

"चेन गेलीय," तो शांतपणे म्हणाला. मग पाना जागेवर ठेवला, हात पुसले. "मला हा आवाज आलाच नाही गं." आणि तो मागच्या बाजूला, जुने टायर रचले होते तिकडे निघून गेला.

ती त्या तरुणाकडे वळली. आश्चर्याचा लवलेश त्याच्या चेहऱ्यावर नव्हता.

"तुला माहीत होतं."

तुम्हीचे तू झाले होते. ते तिच्या लक्षात आले नाही, त्याच्या आले.

त्याने लपवले नाही. टॅपेटसाठी गाडी आणली त्याच दिवशी अंदाज आला होता, तो म्हणाला. मामा बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतात. मागून एखाद्या बाईने हाक मारली तर वळत नाहीत. काल नळीतून आवाज ऐकल्यावर खात्री झाली. आयुष्यभर खणखणाटात काम केलेल्या माणसाचे वरच्या पट्टीतलेच ऐकू येणे आधी जाते. टॅपेटची टकटक खालच्या पट्टीतली, ती येते. टॅपेट थोडे सैल होतेच, ते मामांनी नीट केले, आणि त्यांच्यापुरता आवाज खरोखर संपला.

"आणि तू गप्प बसलास."

"ते माझ्याकडे तपासायला आले नव्हते. न विचारता कुणाच्या दुखण्यावर बोलायचं नाही, हा आमच्या कामातला नियम आहे."

"मी तुझ्या काचेवर टकटक केली तेव्हा तू मला विचारायला आला होतास?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नियम आहेच," तो म्हणाला. "पण… तेवढंच नव्हतं. मी बोललो असतो, मामा दुखावले असते, आणि मग मला इथे परत येता आलं नसतं. मला यायचं होतं. गाडीसाठी नाही."

"हे सांगायची ही वेळ आहे?"

"नाही."

"मग नंतर सांग." आणि ती टायरांकडे गेली.

मामाच्या शेजारी जागा होती. ती मुद्दाम त्याच्या समोर बसली. मामाच बोलू लागला. मामी टीव्हीच्या आवाजावरून रोज भांडते, ती उगाच कुरकुर करते असे त्याला वाटायचे. हल्ली गिऱ्हाइके पुटपुटतात असे वाटायचे. सगळ्या जगाचा आवाज उतरलाय, आपला कान मात्र शाबूत आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

"लोक माझ्या कानावर भरवसा ठेवून गाडी टाकून जातात," तो म्हणाला. "तोच कान तपासून कमी भरला असं कागदावर लिहून घेतलं, की मग उरलं काय माझं?"

धीराचे चार शब्द तिला सुचले होते. पण ते खरे आहेत की नाही हे तिला माहीत नव्हते, म्हणून ती ते बोलली नाही. जे माहीत होते तेच बोलली.

"मामा, ही गाडी घाटात गेली असती. तू आवाज नाही म्हणालास, म्हणून."

मामाने मान खाली घातली. तिने शब्द मागे घेतले नाहीत. तो म्हणाला, "मी काही चेन नाही, शंकासुरा. उघडून बघायला."

"उघडायचं नाहीये. खुर्चीत बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. इतकंच."

"आणि नाही आला तर?"

"तर नाही दाबायचं. पण ओठांकडे बघून फसवायची सोय तिथे नाही."

मामाला मिशीतल्या मिशीत हसू आले. तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "आधी गाडी," तो म्हणाला. "मग मी."

चेन बदलण्याचे काम मामा-भाचीने मिळून केले आणि तो तरुण, बाजूला राहायला सांगितले असूनही, दिवे धरायला उभा राहिला. पुढचे झाकण निघाले तेव्हा संशयाला जागा उरली नाही. दट्ट्या जेवढा बाहेर येऊ शकतो तेवढा आलेला होता. आधाराच्या पट्टीत चेनने खोल चर कोरला होता. तळाच्या तेलात त्याच पट्टीचे तुकडे सापडले. जुनी चेन आडवी धरली तर ती कमानीसारखी वाकून लोंबत होती. मामाने ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला की ही घाटापर्यंतसुद्धा पोचली नसती. मग त्याने स्वतः नव्या चेनच्या खुणा वरच्या आणि खालच्या चाकांशी जुळवल्या, पान्याने दोनदा पूर्ण फिरवून पुन्हा तपासल्या आणि भाचीला तपासायला लावल्या.

इंजिनाची झाकणे पुन्हा लागल्यावर मामा कुणी आठवण करायच्या आत व्हॅनच्या मागच्या खोलीत जाऊन बसला. हेडफोन लावले गेले. दाराच्या छोट्या काचेतून तिला फक्त त्याचा हात दिसत होता, बटणावर अंगठा असलेला. खालच्या पट्टीतल्या आवाजांना अंगठा लगेच दबत होता. मग स्वर चढत गेले. अंगठा थबकू लागला. यंत्रावरचा दिवा आवाज चालू असल्याचे दाखवत होता आणि अंगठा स्थिर होता. दिवा पुन्हा लागला, आवाज आणखी मोठा केला गेला, आणि तरीही स्थिर. बाहेर उभ्या असलेल्या तिने नकळत आपला अंगठा दाबला. जणू तिच्या दाबण्याने त्याला ऐकू येणार होते.

निकाल त्या तरुणाने मामाला समोर बसून, सावकाश, काहीही न झाकता सांगितला. गेलेले परत येणार नाही. उरलेले जपता येईल आणि यंत्राने बरेचसे भरून निघेल. मामींचे बोलणे तर नक्कीच.

"ते भरून निघालंच पाहिजे का?" मामाने विचारले. मग गंभीर होऊन भाचीला म्हणाला, "यापुढे टॅपेट माझे, चेन तुझी. गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगेन." आणि त्याने खरोखरच, त्याच आठवड्यात, येईल त्याला सांगायला सुरुवात केली.

व्हॅन निघायच्या दिवशी पहाटेपासून धुके होते. रात्रभर उभे असलेले इंजिन त्याने चालू केले. ना खडखड, ना खुळखुळ. शिलाई मशीन चालावे तसा एकसारखा आवाज. त्याने खिडकीतून तिच्याकडे पाहिले. ती स्कूटरवरून नव्हे, चालत आली होती, आणि तिच्या खांद्याला अवजारांची पिशवी होती.

"चेन बदलल्यावर पहिल्या प्रवासात मेकॅनिक सोबत लागतो?" त्याने विचारले.

"नाही लागत."

"मग?"

ती दार उघडून शेजारच्या आसनावर बसली. पिशवी पायांशी ठेवली. पहिल्या गावापर्यंत येणार आणि दुपारच्या बसने परत फिरणार, असे तिने मामाला सांगितले होते, आणि मामाने आपल्याला ऐकू आले नाही असे सोंग केले होते.

"मला तू आवडतोस," ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "संशय नाहीये हा. मी तपासून सांगतेय."

वायपर एकदा फिरून थांबला. "नंतर सांग म्हणाली होतीस," तो म्हणाला. "मी घाटातून परत आल्यावर, चहा घेताना सांगणार होतो… सगळं नीट जुळवून ठेवलं होतं."

"वर गेल्यावर सांग की. मी ऐकेन. पण वेळेचं म्हणशील, तर मी थांबू शकत नव्हते."

"आणि दुपारची बस?"

"ती पकडणार. मामाकडे गाड्या खोळंबल्यात." तिने सीटबेल्ट लावला. "पण पुढच्या रविवारी वर येणारी बसही आहे, मी चौकशी केलीय."

त्याने गिअर टाकला. फाटकाबाहेर येईपर्यंत तो मुकाट्याने रस्त्याकडे बघत होता; पुलावर मात्र त्याची नजर वळली आणि तिने त्याची हनुवटी दोन बोटांनी धरून पुन्हा समोर केली. तो हात तिने पूल संपेपर्यंत काढून घेतला नाही.